कडीकोयंडा शाबूत, तरी घरफोडी! सिंहस्थाआधी नाशिककरांनी घराच्या चाव्या का मोजायला हव्यात?

घरफोडीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं. "बंद घराचा कडीकोयंडा तोडून चोरट्यांनी आत प्रवेश केला." शहर बदलतं, सोन्याचं वजन बदलतं, पण हे वाक्य काही बदलत नाही.

या वाक्यात एक गंमत आहे. चोराने कुलूप तोडलं असं त्यात म्हटलेलं नाही, कडीकोयंडा तोडला असं म्हटलंय. म्हणजे हजार रुपयांचं कुलूप जागेवर लटकत राहिलं आणि ते ज्या पत्र्याच्या कोयंड्यात अडकवलं होतं, तो चार स्क्रूंसकट उखडून आला.

पण घरात शिरायचा एक मार्ग असा आहे की त्याचा मागमूसही राहत नाही. तो म्हणजे चावी. दार शाबूत, कोयंडा शाबूत, कुलूपही बंद, आणि आत कपाट रिकामं. अशी चोरी झाली तर पोलिसांत काय नोंद होते? विमा मिळतो का? आणि हे टाळायला अख्खं कुलूप बदलावं लागतं का?

हा विषय आत्ता काढायचं कारण म्हणजे नाशिकचा सिंहस्थ.

सिंहस्थाचा आणि घराच्या कुलपाचा काय संबंध?

जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आणि दुसरं ३१ ऑगस्टला. तिसरं नाशिकमध्ये ११ सप्टेंबरला, तर त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला. पर्वाचा समारोप होणार २४ जुलै २०२८ ला. याआधीचा सिंहस्थ २०१५ चा. मधल्या काळात ऑनलाइन बुकिंग आणि होम-स्टे या दोन्ही गोष्टी घराघरात पोहोचल्या आहेत.

गर्दीच्या दिवसांत हॉटेलं पुरत नाहीत, मग लोक स्वतःच्या खोल्या भाड्याने देतात. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात हेच झालं. आपल्याकडेही पर्यटन महामंडळाची न्याहारी-निवास योजना बऱ्याच वर्षांपासून आहे. पंचवटीतली वरची खोली, गंगापूर रोडचा रिकामा फ्लॅट, इंदिरानगरमधलं मुलगा परदेशात असल्याने बंद असलेलं घर, हे सगळं पाहुण्यांसाठी उघडलं जाईल.

पाहुणा आला की त्याच्या हातात चावी जाते. तो दोन दिवस राहतो, चावी परत देतो, आणि पुढचा येतो. साध्या चावीची नक्कल करायला कारागिराला काही मिनिटं पुरतात. तुमच्या हातात परत आलेली चावी पाहून तिची नक्कल झाली की नाही, हे कळायला मार्ग नसतो.

आणि हा प्रश्न फक्त कुंभमेळ्याचा नाही. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत नोकरीला आलेले भाडेकरू, कॉलेजची मुलं, फ्लॅट दाखवणारा एजंट, रंगारी, सुतार, गावाला जाताना शेजारच्या काकूंकडे ठेवलेली चावी. एका कुलपाच्या चाव्या वर्षानुवर्षं किती हातांतून फिरतात, याचा हिशोब आपण ठेवत नाही. नवा फ्लॅट घेतला तरी बिल्डरने दिलेल्या कुलपाच्या चाव्या ताबा मिळायच्या आधी साइटवरच्या लोकांकडे असतातच.

चावीने उघडलं तर ती "फोडी" कशी?

अनेकांना वाटतं की काही फुटलं नाही म्हणजे ती साधी चोरी. कायदा तसं मानत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३३० व्या कलमात घरफोडी कशाला म्हणायचं ते सांगितलंय. आत शिरायच्या किंवा बाहेर पडायच्या सहा पद्धती त्यात दिल्या आहेत. भिंतीला भोक पाडणं ही त्यातली एक, आणि "कुलूप उघडणं" हीसुद्धा एक. तोडणंच पाहिजे अशी अट नाही.

त्याच कलमाखाली एक उदाहरण दिलंय. एका माणसाची घराची चावी हरवते. दुसऱ्याला ती सापडते. तो त्या चावीने दार उघडून बेकायदा आत शिरतो. ही घरफोडी आहे. हे उदाहरण १८६० च्या दंड संहितेत होतं आणि नव्या संहितेतही ते तसंच आलंय. म्हणजे हरवलेल्या चावीची भीती कायदा करणाऱ्यांना दीडशे वर्षांपूर्वीच कळली होती.

शिक्षाही लहान नाही. चोरीसाठी घरफोडी केली तर कलम ३३१ नुसार दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाच्या आधी केली तर चौदा वर्षांपर्यंत. राहत्या घरातल्या चोरीसाठी कलम ३०५ वेगळं आहे, त्यात सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.

म्हणून "दार तर तुटलेलं नाही, मग घरफोडी कसली" असं कुणी ऐकवलं, तर कलम ३३० कडे बोट दाखवता येतं.

मग विमा कंपनी पैसे देणार का?

खरी अडचण इथे येते.

कायद्याच्या पुस्तकात घरफोडीची व्याख्या एक आणि विम्याच्या पॉलिसीत दुसरी असते. आपल्याकडच्या अनेक घरफोडी विमा पॉलिसींत अट असते की चोराने बळजबरीने, मोडतोड करून आत प्रवेश केलेला असावा किंवा तसाच बाहेर पडलेला असावा.

यावर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आलाय. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल असा तो खटला. न्यायालयाने सांगितलं की पॉलिसी हा करार आहे आणि त्यातले शब्द आहेत तसेच वाचावे लागतील. चोरीच्या आधी बळाचा वापर झाला नसेल, तर त्या पॉलिसीखाली भरपाई मिळणार नाही. फौजदारी कायद्यातली व्याख्या इथे आणता येणार नाही. त्याच निकालात, कंपन्यांनी सामान्य माणसाला समजेल अशा पॉलिसी कराव्यात, अशी अपेक्षाही न्यायालयाने व्यक्त केली. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात हीच भूमिका कायम ठेवली.

सरळ अर्थ असा. कोयंडा तोडून चोरी झाली तर दाखवायला तुटलेला कोयंडा असतो. नकली चावीने झाली तर दाखवायला काहीच नसतं. गुन्हा घरफोडीचाच, पण दावा अडकू शकतो. घरातल्या तिजोरीबाबतही नेहमीच्या पॉलिसींत असं कलम दिसतं की चावीने किंवा तिच्या नकलेने तिजोरी उघडली असेल, आणि ती चावी धमकावून किंवा मारहाण करून घेतलेली नसेल, तर नुकसान भरून मिळत नाही.

आणखी एक गैरसमज. गृहकर्जासोबत घेतलेल्या घराच्या विम्यात चोरी आपोआप येते असं बरेच जण धरून चालतात. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना "भारत गृह रक्षा" ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. ती मुख्यतः आग, पूर, भूकंप, वादळ अशा संकटांसाठी आहे. चोरीचा समावेश आहे, पण तो अशा संकटानंतर सात दिवसांच्या आत आणि त्या संकटामुळे झालेल्या चोरीपुरता. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

घर पाहुण्यांना भाड्याने देणार असाल तर अजून एक गोष्ट तपासा. फक्त स्वतः राहण्यासाठी म्हणून घेतलेली पॉलिसी अशा वापराला चालते का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

कुलुपाच्या आत नेमकं काय असतं?

आता खर्चाचा मुद्दा. चावी कुणाकडे तरी राहिली म्हणून दरवेळी अख्खं कुलूप फेकायचं का? बहुतेक वेळा गरज नसते. ते का, हे समजायला कुलूप आतून बघू.

फ्लॅटच्या दाराला जे लॅच असतं, त्यात चावी घालायचा गोल किंवा पेरूच्या फोडीसारखा लांबट भाग म्हणजे सिलिंडर. त्याच्या आत स्प्रिंगवर बसवलेल्या पाच-सहा पिनांच्या जोड्या असतात. चावीचे दात प्रत्येक पिनेला ठरावीक उंचीवर उचलतात. सगळ्या पिना एका रेषेत आल्या की आतला भाग फिरतो आणि दार उघडतं. एक पिन जरी वर-खाली राहिली तरी तो फिरत नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या लायनस येल ज्युनिअर यांनी ही रचना आजच्या रूपात आणली आणि जगभर अजून तीच चालते.

म्हणजे कुलुपाची ओळख त्या पिनांच्या उंचीत असते. पिना बदलल्या की कुलूप तेच राहतं, पण जुनी चावी निकामी होते. परदेशात घर बदललं की अनेक जण आधी हेच काम करून घेतात.

आपल्याकडे पिना बदलून देणारा कारागीर दरवेळी मिळेलच असं नाही. पण सुटं सिलिंडर हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळतं, आणि ते बदललं तरी परिणाम तोच. लॅचची बॉडी, हँडल, दाराला पाडलेली भोकं, सगळं तसंच राहतं.

लटकत्या कुलपांचं वेगळं आहे. त्यांतल्या पुष्कळ कुलपांत पिनांऐवजी पितळी किंवा लोखंडी पट्ट्या, म्हणजे लिव्हर असतात. १८९७ मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना सुरू केला. तिथून पुढे "सात लिव्हर", "आठ लिव्हर" हे शब्द आपल्या घरात रुळले. लिव्हर जास्त, तर खोट्या चावीने उघडणं अवघड. पण अशा कुलपाची चावी बदलणं किचकट काम आहे. तिथे नवं कुलूप घेणंच परवडतं.

दुरुस्ती, सिलिंडर की नवं कुलूप?

दुरुस्ती पुरेल, जर चावी अडकते किंवा दार लागत नाही एवढीच तक्रार असेल. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि लॅचची जीभ चौकटीतल्या खाचेसमोर येत नाही. दोष दाराचा असतो, पण बदललं जातं कुलूप. दार उघडं ठेवून चावी फिरवून बघा. उघड्या दारात ती सहज फिरत असेल तर कुलूप ठीक आहे, सुताराकडून चौकटीची पट्टी सरकवून घ्या. चावी उघड्या दारातही अडकत असेल तर आत ग्रॅफाइटची पूड फुंका. खोबरेल किंवा मशीनचं तेल घातलं की थोडे दिवस बरं वाटतं, मग त्यावर धूळ बसते आणि पिना चिकटतात.

सिलिंडर बदला, जर चावी हरवली असेल, भाडेकरू बदलला असेल, घर नुकतंच घेतलं असेल, कामावरचा माणूस चावी न देता निघून गेला असेल, किंवा घर पाहुण्यांना देत असाल. दाराच्या कडेत बसवलेल्या मॉर्टाइज लॉकमध्ये जिभेच्या खाली एक लांब स्क्रू असतो. तो काढायचा, चावी थोडी फिरवायची आणि सिलिंडर ओढून घ्यायचं. नवं आणताना जुनं सोबत न्या. मधल्या स्क्रूच्या भोकापासून दोन्ही बाजूंची लांबी मिलिमीटरमध्ये जुळली पाहिजे. बाहेरच्या बाजूला सिलिंडर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे आलं तर ते पक्कडीत धरून मोडता येतं. नाईट लॅचचं सिलिंडर आतल्या बाजूने दोन स्क्रूंनी धरलेलं असतं, तेही सुटं बदलता येतं.

अख्खं कुलूप बदला, जर बॉडी गंजली असेल, जीभ पूर्ण बाहेर येत नसेल, घरफोडीचा प्रयत्न झाला असेल, किंवा त्या मॉडेलचं सिलिंडर मिळतच नसेल.

आणि या तिन्हींच्या आधी, कोयंडा बघा. बातमीतलं ते वाक्य आठवा. बारीक स्क्रूंवर बसवलेला कोयंडा पहारीच्या एका हिसक्यात येतो. दाराच्या आरपार नट-बोल्ट घालून, आतून वॉशर लावून बसवलेला कोयंडा किंवा अल्ड्रॉप हा कमी खर्चातला मोठा बदल आहे. जुन्या वाड्यांच्या दाराला आडवा अडसर असायचा. त्यामुळे जोर एका कोयंड्यावर न येता भिंतीवर जायचा. आजच्या दारांतही जीभ चौकटीत खोलवर गेली तर तेच साधतं.

डिजिटल लॉक लावलं की प्रश्न मिटला?

होम-स्टेसाठी डिजिटल लॉक सोयीचं आहे, हे खरं. पाहुण्याला दोन दिवसांचा आकडा द्यायचा, तो गेला की आकडा रद्द. नकली चावीची भानगड नाही, आणि कोण कधी आत आलं याची नोंद राहते.

पण तीन गोष्टी बघून घ्या. पहिली, बॅटरी संपली तर बाहेरून वीज द्यायची सोय आहे का. दुसरी, अडीनडीला म्हणून त्यात साधी चावीही असते. ती चावी ज्या सिलिंडरमध्ये जाते, ते हलकं असेल तर वरचा सगळा थाट फुकट. तिसरी, दुकानातून आलेला मूळ आकडा बदलला का. तो न बदलणं म्हणजे चावी दाराला लावून जाण्यासारखं आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शनिशिंगणापूरची घरं बिनदाराची म्हणून प्रसिद्ध. तिथे जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने शाखा उघडली, तेव्हा गावाचा मान राखून दिसेल असं कुलूप लावलं नाही. पण काचेच्या दाराला रिमोटवर चालणारं इलेक्ट्रोमॅग्नेटिक लॉक बसवलंच. पुढे २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणंही सुरू झालं. श्रद्धा कितीही असली तरी लोकांच्या पैशाची जबाबदारी असेल, तर आत कोण येतंय यावर ताबा ठेवावाच लागतो.

चावीवाल्यावर विश्वास ठेवायचा का?

आपल्याकडे चावी बनवणाऱ्यांसाठी वेगळा परवाना देणारा कायदा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत असा परवाना लागतो. इथे कानस आणि कोऱ्या चाव्या घेऊन कुणीही बसू शकतो.

यातले बहुतेक जण पिढीजात कारागीर आहेत आणि रस्त्याच्या कडेला बसून प्रामाणिकपणे पोट भरतात. पण चावी बनवण्याच्या बहाण्याने कॉलनीत फिरायचं, "कपाटाचं कुलूपही बघतो" म्हणायचं, घरातल्यांना तेल किंवा पाणी आणायला आत पाठवायचं आणि दागिने लांबवायचे, असे प्रकार अनेक शहरांत घडले आहेत. त्यामुळे दारावर आलेल्या अनोळखी माणसाला काम देऊ नका. ज्याची बसायची जागा ठरलेली आहे, त्याच्याकडे स्वतः जा. कुलूप काढून नेता येत असेल तर तेच न्या, म्हणजे घराचा पत्ताच कळत नाही. आणि चावी कापून होईपर्यंत समोर उभे राहा.

चावीच्या बिल्ल्यावर फ्लॅट नंबर लिहायची सवय अनेक घरांत आहे. हरवलेली चावी नुसतीच सापडली तर तिचा उपयोग नाही. पत्त्यासकट सापडली तर आहे.

भाड्याच्या घराचं कुलूप कुणी बदलायचं?

नवा भाडेकरू येण्याआधी सिलिंडर बदलणं हे मालकाचं काम धरलं पाहिजे. त्याचा खर्च एका महिन्याच्या भाड्यापुढे किरकोळ असतो. भाडेकरूला स्वतः बदलायचं असेल तर मालकाला कळवून बदलावं, आणि एक चावी मालकाकडे असावी की नाही हे करारातच लिहून घ्यावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो आणि त्याची जबाबदारी मालकावर आहे. मग त्यातच किती चाव्या दिल्या, याची एक ओळ घालायला काय हरकत आहे?

उलट बाजूही आहे. भाडं थकलं किंवा मुदत संपली म्हणून मालकाने भाडेकरू बाहेर असताना परस्पर कुलूप बदलायचं, हा मार्ग कायद्याचा नाही. मुदत संपूनही घर सोडत नसेल तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने भरपाईही मागता येते.

थोडक्यात

सिंहस्थात घर द्यायचा विचार असेल तर रंगरंगोटीच्या यादीत चार कामं लिहून ठेवा. बाहेरच्या दाराचा कोयंडा आरपार बोल्टने बसवा. पाहुण्यांच्या खोलीचं आणि तुमच्या स्वतःच्या घराचं कुलूप वेगळं ठेवा, एकाच चावीने दोन्ही उघडायला नकोत. पर्व संपलं की सिलिंडर बदला. आणि पॉलिसी काढून "बळजबरीने प्रवेश" ही अट त्यात आहे का ते वाचा. असेल तर चावीने झालेली चोरीही धरणारं संरक्षण मिळतं का, हे एजंटला आत्ताच विचारा.

पाहुण्यांना घर द्यायचं नसेल तरी एक काम आज रात्रीच करता येईल. एक कागद घ्या आणि तुमच्या दाराच्या चाव्या आत्ता कुणाकुणाकडे आहेत ते लिहा. यादीत एक जरी नाव "बहुतेक" म्हणून लिहावं लागलं, तर उद्या हार्डवेअरच्या दुकानात जायची वेळ झाली आहे.